यंत्रसंवाद : पहिल्या रॉडची तहान

खंडेनवमीला घरातील यंत्रांना हळदकुंकू वाहावे, झेंडूची माळ घालावी, ही रीत आपण इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांनी निष्ठेने जपली आहे. परंतु त्या यंत्राच्या पोटात वंगण कोठून निघते, कोठवर पोचते आणि वाटेत कोठे अडते, याची चौकशी वर्षाच्या उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत फारसे कोणी करीत नाही. गेल्या खंडेनवमीला आमच्या एका वाचकबंधूंकडे फराळाला गेलो असता हा विचार प्रकर्षाने मनात आला. त्यांच्या वाड्याच्या देवडीत १९२४ सालची फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' गाडी उभी आहे. पणजोबांनी घेतली, आजोबांनी चालविली, वडिलांनी झाकून ठेवली आणि आता नातवाने पुन्हा बाहेर काढली, असा तिचा चार पिढ्यांचा प्रवास. घरातील आजी लग्न होऊन याच गाडीतून या दारात उतरल्या. नर्मदेवर महेश्वरच्या घाटावर एकदा याच गाडीतून जावे, एवढीच त्यांची इच्छा.

इच्छा साधी, पण ती दोनदा मोडली होती. दोन्ही वेळा गाडी महेश्वरला सुखरूप उतरली आणि परतीच्या चढणीवर भेरूघाटात इंजिन ठोकू लागले. दोन्ही वेळा एकच निदान झाले : पहिल्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचे बेरिंग वितळले. पहिल्या खेपेला परगावच्या एका गॅरेजने नवे बेरिंग ओतून दिले, भरपूर पैसे घेतले आणि “आता दहा वर्षे बघायला नको” असे सांगितले. ते बेरिंग दुसऱ्याच घाटाला गेले. तिसऱ्यांदा तसे झाले तर नुसत्या बेरिंगावर भागणार नव्हते. क्रँकचा आधीच घासलेला तो भाग कायमचा बाद झाला असता, आणि शंभर वर्षांपूर्वीचा मूळ क्रँक एकदा गेला की गेला. आजी आम्हाला म्हणाल्या, “गाडी घाटात बंद पडली तर पडू दे हो, पण तिचं ते ठोकणं ऐकवत नाही.” त्या फराळाच्या ताटावरच आम्ही या प्रकरणात पडलो.

आता या इंजिनाची घडण थोडी समजून घेतली पाहिजे. कारण दोष बेरिंगात नव्हताच. मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात निघाली आणि दीड कोटीहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. ब्रिटिश साम्राज्यातील देशांना, म्हणजे हिंदुस्थानलाही, त्या बहुतेक कॅनडातील फोर्ड कंपनीकडून येत. चार सिलिंडर, सुमारे २.९ लिटरचे इंजिन आणि शक्ती अवघी वीस अश्वशक्ती. आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल ते पुढेच आहे : या इंजिनात तेलाचा पंप नाही. तेलाचा दाब दाखविणारा काटा नाही, गाळणी नाही. मागच्या बाजूला जड फ्लायव्हील आहे, त्यावर सोळा लोहचुंबक बसविलेले आहेत आणि हे सारे चाक तेलात बुडून फिरते. फिरताना ते चहूकडे तेल उडविते. त्या उडालेल्या तेलातील थोडेसे एका लहान नरसाळ्यात पडते. नरसाळ्यापासून एक बारीक नळी इंजिनाच्या आतून पुढच्या टोकापर्यंत जाते. तेथे ते तेल टायमिंगच्या चाकांवर आणि पुढच्या बाजूला सांडते, मग चेंबरच्या उतारावरून मागे वाहू लागते. वाहताना रॉडांच्या खाली असलेल्या पन्हळींत ते साचते आणि प्रत्येक फेऱ्याला रॉडचे खालचे टोक त्यात बुचकळी मारते. झाले, हेच सगळे वंगणशास्त्र. विहिरीवरच्या मोटेचे पाणी पाटातून मळ्याच्या टोकाला न्यावे आणि तेथून वाफ्या-वाफ्यांतून परत फिरवावे, त्यातलाच हा प्रकार.

पंपाशिवाय बेरिंग टिकते तरी कसे, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. आम्हालाही तो एके काळी पडला होता. त्याचे उत्तर १८८३ साली इंग्लंडात मिळाले. बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसासारख्या एका बेरिंगावर प्रयोग करीत होते. आसाचा खालचा भाग तेलात बुडलेला होता आणि वर भाराखाली बेरिंग होते. वरून तेल घालण्यासाठी त्यांनी बेरिंगाच्या माथ्याला भोक पाडले, तो काय, आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर आले! त्यांनी लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर ढकलली गेली. शेवटी तेथे दाबमापक बसविला. बेरिंगावरचा सरासरी भार दर चौरस इंचाला शंभर पौंड होता. मापकाचा काटा मात्र दोनशेच्या पलीकडे गेला. फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारखे आत ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर सारा भार तोलतो, हे तेथे प्रथम दिसले. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. तेव्हा भार उचलणारा दाब बाहेरून पंपाने द्यावा लागत नाही. बाहेरून द्यायचे असते ते पुरेसे तेल, तेही अखंड. कारण कडांवाटे जे तेल निसटते त्याची भरपाई झाली पाहिजे आणि जाताना त्याने उष्णताही नेली पाहिजे. ज्या क्षणी पुरवठा तुटतो त्या क्षणी धातूला धातू लागतो. बेरिंगात ओतलेला पांढरा धातू, ज्याला कारखान्यात बॅबिट म्हणतात, हा मुख्यतः कथिलाचा असतो आणि सुमारे २४० अंश सेल्सिअसला वितळू लागतो. कोरड्या बेरिंगाला तेथवर पोचायला फार वेळ लागत नाही.

मग पहिलाच रॉड का जळतो? तो नळीच्या तोंडाशी आहे, त्याला तर सर्वांत आधी तेल मिळावे. सपाटीवर तसेच घडते. पण गाडी चढणीला लागली की इंजिनाचे पुढचे टोक वर उचलले जाते. पन्हळींतील तेल मागे सरकते आणि नळीतून पुढे जाणाऱ्या तेलाला वर चढावे लागते. त्याला ढकलणारे बळ फक्त नरसाळ्याच्या उंचीचे आणि फ्लायव्हीलच्या फटकाऱ्याचे. महेश्वर समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांच्या आसपास आणि माळव्याचे पठार साडेपाचशेवर. म्हणजे परतीला सुमारे चारशे मीटर चढावयाचे, त्यातील बरेचसे एकट्या घाटात. चढणीचा शेवट येईतो पहिल्या रॉडखालची पन्हळ कोरडी पडणार, हे ओघानेच आले. अमेरिकेत त्या काळी काही चालक अवघड चढ उलट, म्हणजे रिव्हर्समध्ये चढवीत. त्याचे मुख्य कारण निराळे होते. पेट्रोलची टाकी आसनाखाली असे आणि पेट्रोल केवळ उतारावरून कार्बोरेटरला येई, त्यामुळे फार उभ्या चढावर ते येईनासे होई. परंतु उलट चढताना इंजिनाचे तोंड खाली होऊन पहिल्या रॉडचीही सोय होत असली पाहिजे, असे आम्हाला वाटते. अर्थात आजच्या आग्रा रस्त्यावर मालमोटारींच्या गर्दीत हा प्रयोग कोणी करू नये.

हे सगळे खरे असले तरी मॉडेल टी घाट चढतच नाही असे नाही. आजोबांनी याच गाडीने याच घाटातून अनेक वाऱ्या केल्या होत्या. तेव्हा नव्याने काहीतरी बिघडले होते. दिवाळीनंतर इंजिन खाली उतरविले, चेंबर खोलला आणि नातवाने नरसाळ्यात वाटीभर तेल ओतले. दुसऱ्या टोकाला धार यायला हवी होती. आले ते थेंब, मोजून घ्यावेत असे. मग सायकलच्या ब्रेकची जुनी तार नळीत घालून ओढली, तेव्हा काळा, चिकट, वातीसारखा एक बोळा निघाला. आमचे मिस्त्री हसून म्हणाले, “साहेब, गाडीने कापूस खाल्लाय.” ते शब्दशः खरे होते. या गाडीत गिअर बदलायला आणि ब्रेक लावायला तीन पट्टे असतात. पट्ट्यांना सुती अस्तर असते आणि ते इंजिनाच्याच तेलात चालतात. अस्तर झिजले की त्याचे तंतू तेलात मिसळतात, फ्लायव्हील ते उडविते आणि नरसाळे ते इमानाने गोळा करते.

नळी किंचित अरुंद झाली तर इतका फरक का पडावा? प्वाझय नावाचे एक फ्रेंच वैद्य शरीरातील बारीक रक्तवाहिन्यांचा विचार करता करता १८४० च्या सुमारास काचेच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी वाहवून पाहत होते. त्यांना आढळले की इतर सर्व सारखे ठेवले तर प्रवाह नळीच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलतो. व्यास निम्मा झाला तर प्रवाह निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा उरतो. उलट व्यास सव्वापट केला तर प्रवाह जवळजवळ अडीचपट होतो. नळी तेलाने पूर्ण भरलेली नसेल तर हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, परंतु रोख कळतो. रक्तवाहिनीत जे घडते तेच येथे घडले होते, आणि परगावच्या त्या गॅरेजने हृदयाचा झटका आलेल्या रोग्याला नवे हृदय बसवून अडलेली नाडी तशीच ठेवली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते, पण काढलेले बेरिंग पाहून आम्हाला आणखी वाईट वाटले. तेल जास्त जावे या सद्हेतूने त्या कारागिराने रॉडच्या वरच्या अर्ध्या भागात फुलीच्या आकाराचे रुंद चर थेट कडेपर्यंत खोदले होते. स्फोटाचा सारा भार त्याच वरच्या अर्ध्यावर येतो. टॉवर यांच्या भोकातून तेल कसे उसळून बाहेर आले ते वाचकांनी आठवावे. भाराखालच्या जागी चर खोदून तो कडेला उघडा सोडला की तेल आत जात नाही, तेथला दाबच बाहेर निघून जातो. चर हवाच असेल तर तो भार नसलेल्या बाजूला, उथळ आणि कडेपासून अलीकडेच थांबलेला असावा. तेल घेण्याचे भोक खालच्या टोपीत, जेथे रॉड तेलात बुडतो तेथे, योग्यच आहे. या वेळी बेरिंग तसे ओतवून घेतले आणि फट सुमारे दीड थाऊ, म्हणजे इंचाचा दीड हजारांश भाग, ठेवली. टोप्यांना छोटे पळीसारखे डिपर लावले, जेणेकरून पन्हळीत थोडे तेल असले तरी ते उचलले जावे.

त्यानंतर तेल कोणते, यावर घरात दोन दिवस वाद झाला. “जुन्या इंजिनाला जाड तेल” हा आपल्याकडचा ठाम समज. त्यामुळे गाडीत २०-डब्ल्यू-५० घातलेले होते. पंप असलेल्या झिजक्या इंजिनात त्याला थोडा अर्थ असेलही. येथे मात्र तेलाला पुढे न्यायला कोणी धक्का देत नाही. ते आपल्या वजनाने वाहते, आणि जाड तेल सावकाश वाहते. तेल तापले की पातळ होते हेही ध्यानात घ्यावे : साध्या ३० क्रमांकाच्या तेलाची दाटी ४० अंशांवर असते त्याच्या सुमारे दहावा हिस्सा १०० अंशांवर उरते. तेव्हा हिवाळ्यातल्या पहाटे, इंजिन थंड असताना, जाड तेल नळीत बसूनच राहते आणि पहिली काही मिनिटे पहिला रॉड उपाशी असतो. आज मॉडेल टी चालविणारे बहुतेक जाणकार १०-डब्ल्यू-३० सारखे, थंडीतही वाहते राहणारे आणि तापल्यावर फार पातळ न होणारे तेल पसंत करतात. आम्ही तेच सुचविले. मात्र एक सावधगिरी हवी. आजच्या तेलांत मळ सोडविणारी द्रव्ये असतात. वर्षानुवर्षे चेंबरात बसलेला गाळ न काढता असे तेल घातले, तर सुटलेला गाळ नेमका त्या बारीक नळीत जाऊन बसायचा. आधी चेंबर धुवावा, मग नवे तेल, आणि पहिले तेल दीड-दोनशे किलोमीटरलाच काढून टाकावे.

आता बाहेरच्या नळीविषयी. मॉडेल टीच्या काळातच अमेरिकेत अशी जोडनळी विकत मिळे : फ्लायव्हीलच्या वरच्या झाकणाशी उंचावर तेल पकडायचे आणि इंजिनाच्या बाहेरून, चांगल्या रुंद नळीने ते पुढच्या टोकाला आणून सोडायचे. उगम उंच असल्याने चढणीवरही थोडा उतार शिल्लक राहतो. नातवाचा कल याकडे होता. घरातल्या वडीलधाऱ्यांना गाडीचे मूळ रूप बिघडेल ही धास्ती. धास्ती अगदीच निराधार नव्हती. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ रूपात राखलेले वाहन 'व्हिंटेज' ठरते, त्याला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला असू नये अशी अट आहे. आमचे मत असे पडले की जी वस्तू दोन पान्यांनी काढता येते आणि जिच्यासाठी ब्लॉकला नवे भोक पाडावे लागत नाही, तिला मोठा फेरफार म्हणता येणार नाही; शिवाय ती त्या काळचीच आहे. ब्लॉकला ड्रिल लावून पंप बसविण्याचा सल्लाही कोणी दिला होता, तो मात्र आम्ही साफ नाकारला.

नळी बसविताना एका गोष्टीचा विसर पडू नये. तांबे सतत थरथरले की कडक होते आणि एक दिवस सांध्यापाशी तडकते. बाहेरची नळी तडकली तर सगळे तेल रस्त्यावर. म्हणून नळीला मध्ये एक वळसा दिला, दोन ठिकाणी चामड्याची पट्टी घालून ती बांधली आणि झाकणाच्या तोंडाशी बारीक जाळी बसविली, जेणेकरून पट्ट्यांचे तंतू तेथेच अडावेत.

असा रोग केवळ मॉडेल टीलाच होतो असे नव्हे. ऑस्टिन सेव्हनमध्ये पंप असूनही क्रँकवर तेलाची पिचकारी मारणारी बारीक भोके तुंबतात. फोर्डच्याच पुढच्या मॉडेल ए मध्ये पंप तेल वरच्या व्हॉल्व्हच्या कप्प्यात चढवितो आणि तेथून ते आपल्या वजनाने बेरिंगांवर उतरते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जी अ‍ॅम्बॅसडर होती, तिचे वरचे झाकण टकटक वाजू लागले की रॉकर शाफ्टची भोके गाळाने बुजलेली निघत. त्यांविषयी पुन्हा कधीतरी लिहू.

चालविण्याच्या पद्धतीचेही सांगितले पाहिजे. मॉडेल टीला पुढे जाण्याचे दोनच वेग. चढणीवर गाडी वरच्या वेगात रखडत नेण्याची बढाई पुष्कळ चालक मारतात. रखडत्या इंजिनात फ्लायव्हील हळू फिरते, तेल कमी उडते आणि बेरिंगावर भार मात्र सर्वांत जास्त असतो. खालच्या वेगात इंजिन त्याच चालीला पावणेतीनपट फिरते. आवाज होतो, पण नळीत तेल पडते. ठिणगी वेळेआधी पडू लागली तर तीच गोष्ट हातोड्याने होते, म्हणून चढणीवर स्टिअरिंगखालची डावी कळ थोडी मागे घ्यावी. आणि तेलाची पातळी. फ्लायव्हीलच्या घरट्याला मागे खाली-वर दोन कॉक आहेत. खालच्यातून तेल येते आणि वरच्यातून येत नाही, एवढी ती हवी. लांबच्या चढणीआधी ती वरच्या कॉकच्या जवळ ठेवावी, त्याहून वर नको, नाहीतर प्लग काळे पडतात आणि मागे धूर निघतो. पाहणी सपाट जागीच करावी. उतारावर उभ्या गाडीचे कॉक खोटे बोलतात.

माघ महिन्यात, एका गुरुवारी पहाटे, गाडी निघाली. आजी मागच्या आसनावर, अंगावर शाल आणि मांडीवर तेलाचा एक डबा, कारण तो दुसऱ्या कोणाकडे द्यायला त्या तयार नव्हत्या. आम्ही मागून दुसऱ्या गाडीत. महेश्वरला घाटावर तासभर बसणे झाले, ओटी भरली आणि दुपार कलताना परतीला निघालो. जाम दरवाजाकडचा रस्ता जवळचा, पण अधिक उभा, म्हणून मुद्दाम टाळला. गुजरीपाशी पाच मिनिटे थांबून घाटाला लागलो. खालचा वेग, कळ मागे, वाटेत दोनदा इंजिन बंद करून विश्रांती. मागून येणाऱ्या मालमोटारींनी हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. आमचे कान मात्र एकाच आवाजाकडे होते.

मानपूरला सपाटीवर गाडी उभी केली. नातू खाली वाकून कॉकपाशी गेला. खालच्या कॉकमधून तेल आले, आधी धार, मग थेंब. बाहेरच्या नळीचे पुढचे टोक त्याने सैल करून इंजिन क्षणभर चालविले, तेव्हा तेथूनही तेल सांडले आणि त्याच्या सदऱ्याची बाही भिजली. जाळी काढून पाहिली. नव्वद-शंभर किलोमीटरांत तिच्यावर कापसाचा नखाएवढा बोळा जमला होता. त्याने तो पुसून कागदात गुंडाळला आणि आजींना दाखविला. आजींनी चष्मा वर करून तो निरखला, मग विचारले, “एवढ्याशानं?” आणि डब्याचे झाकण घट्ट आहे ना, ते पुन्हा एकदा चाचपून पाहिले.